कागदीपुऱ्याहून कोनिगिलला

पहिला दिवस : ताश्कंद

दिल्लीहून उडालेलं विमान तीन तासांत ताश्कंदला उतरलं. पुण्याहून कोल्हापूरला एसटीनं जायला याहून जास्त वेळ लागतो, तरी पासष्ट वर्षांत इथं यायचं कधी सुचलं नव्हतं. सुचलं ते हिला. ही म्हणजे माझी बायको, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. मी छापखानावाला. कसब्यात कागदीपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आमचा छापखाना होता. जुन्नरहून आलेल्या कागद्यांनी वसवलेली ती वस्ती. हिला समरकंदच्या उलुघ बेग या तारे मोजणाऱ्या राजाची वेधशाळा पाहायची होती, मला समरकंदी कागद. लग्नानंतर आमचं एकमत झालेली ही बहुधा दुसरीच सहल.

आज फारसं काही पाहिलं नाही. लालबहादूर शास्त्रींच्या पुतळ्याला नमस्कार केला. जानेवारी १९६६ मध्ये ती बातमी आली तेव्हा वडिलांनी छापखाना बंद ठेवला होता, एवढंच मला आठवतं. मग मेट्रो. कोसमोनावत्लार, म्हणजे अंतराळवीर, नावाच्या स्थानकाच्या निळ्या भिंतींवर गागारिन आहे, तेरेश्कोवा आहे आणि त्यांच्याच रांगेत पंधराव्या शतकातला पागोटंवाला उलुघ बेगही. "बघा, माझा माणूस आधी भेटला," ही म्हणाली.

दुसरा दिवस : समरकंद

जलद गाडीची तिकिटं मी उशिरा काढायला गेलो, ती संपली होती. मग साध्या गाडीनं कापसाची शेतं बघत गेलो. हिनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि तेच जास्त लागलं.

दुपारी अफ्रासियाबच्या टेकडीवरचं संग्रहालय. चंगेजखानानं १२२० मध्ये उद्ध्वस्त केलेलं जुनं समरकंद या टेकडीखाली आहे. १९६५ मध्ये रस्ता खोदताना इथं एका दालनाच्या रंगवलेल्या भिंती सापडल्या, सातव्या शतकाच्या मधल्या. त्या काळी समरकंद सोग्दी लोकांचं होतं, इस्लाम अजून पोचला नव्हता. राजा वर्खुमानच्या दरबारी देशोदेशीचे वकील नजराणे घेऊन आलेत. चिनी मंडळींच्या हातांत रेशीम आहे. टोपीत पिसं खोवलेले दोघं कोरियातले मानतात. रंग पुष्कळ उडालेत, पण चेहऱ्यांवरचा 'आम्हाला किती वेळ ताटकळत ठेवणार' हा भाव शाबूत आहे.

आमची गाइड इतिहासाची पदवीधर. हिंदी सिनेमातलं हिंदी आणि बरंच इंग्रजी बोलते. मी तिला विचारलं, तुमच्याकडे कागदाला काय म्हणतात? उझबेकमध्ये कोघोझ, म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे कागद. ती थबकली. म्हणाली, शेवटी 'द'? मग तिनं सांगितलं की जुन्या फारसीत तो शब्द 'कागद' असाच होता, 'कागज' नंतर झालं. या टेकडीवरचे सोग्दीही त्याला 'कागदा'सारखंच काहीतरी म्हणत. म्हणजे हिंदीवाल्यांनी नवा शब्द घेतला आणि आपल्याकडे जुना राहिला. माझ्या जुन्या बिलांवर छापलेला शब्द हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या समरकंदी व्यापाऱ्याला कळला असता, हे कळल्यावर मी रात्री जरा जास्तच नान खाल्ला. इथला नान जाडजूड, चकाकणारा आणि शिळा झाला तरी खाववतो.

तिसरा दिवस : कोनिगिल

आजचा दिवस माझा.

शहराबाहेर सियाब नावाच्या ओढ्याकाठी कोनिगिल गाव. ओढ्यावर लाकडी पाणचक्की, आत कागदाचा कारखाना. कारखाना म्हणजे झाडांखालची एक पडवी. जुनी परंपरा बुडाली होती, ती अलीकडच्या काळात इथं पुन्हा उभी केली. बाबरानं आपल्या आठवणींत लिहिलंय की जगातला उत्तम कागद समरकंदला होतो आणि कागदाच्या उखळांना पाणी येतं ते कोनिगिलहून. हेच पाणी.

तुतीच्या फांद्या भिजवायच्या, साल सोलायची, वरचा तपकिरी पापुद्रा सुरीनं खरवडून आतली पांढरी साल तेवढी घ्यायची. मग तासन्‌तास शिजवायची. पाणचक्कीच्या आसाला खुंट्या आहेत, त्या जाड मुसळं उचलतात आणि सोडतात. धप्प, धप्प. सात-आठ तासांत लगदा होतो. तो हौदात पाण्यात ढवळून चाळणीनं उचलायचा, चाळणी हलकेच हलवून तंतू बसवायचे, ताव कापडावर पालथा घालायचा, दाबाखाली ठेवून मग वाळवायचा. शेवटी गुळगुळीत दगडानं नाहीतर शंखानं घोटायचा. माझ्या आज्याच्या वेळी वहीच्या कागदाला घोटणाऱ्या बायका कागदीपुऱ्यात होत्या, असं वडील सांगायचे. त्यांच्या तोंडून 'घोटाई' हा शब्द शेवटचा ऐकला होता, तो काम होताना इथं बघायला मिळाला.

तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं मला एक ताव उचलू दिला. एका कोपऱ्यात जाड, दुसऱ्यात भोक. तो हसला, चाळणी पालथी केली आणि माझा ताव परत हौदात.

एक शंका मात्र बोलून दाखवली. जुन्या मुसलमानी अमदानीतले कागद तपासले तर बहुतेक चिंध्यांचे निघतात, अळशीच्या नाहीतर भांगेच्या धाग्याच्या. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही चिंध्याच वापरतात. मग ही तुती कुठून? गाइड म्हणाली, तुती इथं दारोदारी आहे, चिंध्या आता सगळ्या पॉलिएस्टरच्या. यावर मी काय बोलणार.

मग ती नेहमीची कथा. ७५१ मध्ये तलास नदीवर अरब आणि चिनी फौजा लढल्या, चिनी हरले, कैद्यांत कागद करणारे होते, त्यांनी समरकंदला कागद शिकवला. अकराव्या शतकातल्या अस-सआलिबी या लेखकानं ही गोष्ट नोंदवली आणि तेव्हापासून ती जगभर सांगितली जाते. गोष्ट छान आहे. पण छापखान्यात आयुष्य गेल्यावर माणूस तारखांकडे संशयानं बघतो. समरकंदपासून लांब नाही अशा मुग डोंगरावर १९३३ मध्ये सोग्दी राजाची दफ्तरं सापडली, ती ७२२ च्या आधीची, आणि त्यांत कागदी पत्रं आहेत. सोग्दी व्यापाऱ्यांची त्याहून कितीतरी जुनी, चौथ्या शतकाच्या सुरुवातीची कागदी पत्रं ऑरेल स्टाइन या संशोधकाला १९०७ मध्ये चीनच्या सीमेवर दुनहुआंगजवळ मिळाली. म्हणजे कागद ही काही समरकंदला नवलाई नव्हती.

सगळ्यात मजेची साक्ष दु हुआनची. हा चिनी माणूस तलासला खरोखर पकडला गेला, दहा-अकरा वर्षं अरबांच्या मुलखात फिरला आणि ७६२ मध्ये समुद्रमार्गे घरी परतला. इराकातल्या कुफा शहरात कोण कोण चिनी कारागीर भेटले हे तो नावानिशी सांगतो. चितारी आहेत, विणकर आहेत. कागद्याचं नाव नाही.

गाइडला हे सगळं ठाऊक होतं. "पर्यटकांना एक तारीख लागते," ती म्हणाली.

इथून पुढचा कागदाचा प्रवास मला जास्त आवडतो. बगदाद, दमास्कस, कैरो, मग स्पेन. शातिबा गावच्या कागदाची तारीफ बाराव्या शतकात अल-इद्रीसी हा भूगोलकार करतो. युरोपला आधी तो पटला नाही. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं १२३१ मध्ये सरकारी दस्त कागदावर लिहायला मनाई केली. कातडं टिकतं, कागद फाटतो, हा युक्तिवाद. पुढं इटलीत फाब्रियानोच्या लोकांनी खळीऐवजी जनावरांचा सरस लावायला सुरुवात केली. खळीचा कागद कसर खाते, हे कुठलाही बाइंडर सांगेल. सरसाचा कागद टिकाऊ. चाळणीत तारेची आकृती बसवून त्यांनी पाणछापही काढला, १२८२ च्या सुमारास. स्वस्त आणि टणक असा तो माल उलट मुसलमानी मुलखात विकायला येऊ लागला. त्याच्या पाणछापांत क्रूस असायचे! यावर लिहावं की लिहू नये, असा प्रश्न उत्तर आफ्रिकेत तिलिमसानच्या इब्न मरझूक या पंडितापुढे आला आणि १४०९ मध्ये त्यानं फतवा दिला की लिहायला हरकत नाही. शिष्याचा माल गुरूच्या दारात, आणि त्यावर धर्मशास्त्राचा खल. आपल्याकडे नळाच्या पाण्यावर झाला तसाच.

दुपारी तुतीखालच्या बाजेवर हिरवा चहा आणि खरबूज. याच माळावर १४०४ च्या शरद ऋतूत तैमूरनं तंबूंचं एक शहर उभारलं होतं. नातवंडांची लग्नं होती. पाहुण्यांत स्पेनच्या कास्तिल राज्याचा वकील रुय गोन्झालेस दे क्लाविहो होता. मे १४०३ मध्ये कादिसहून निघालेला हा माणूस सप्टेंबर १४०४ मध्ये समरकंदला पोचला. त्यानं इथल्या खरबुजांचं कौतुक लिहून ठेवलंय, ते खरं आहे, आम्ही खाऊन पाहिलं.

क्लाविहोची तैमूरशी पहिली भेट शहराबाहेरच्या एका बागेत झाली. तिथं चिनी बादशहाचा वकील आधीच बसलेला. दरबाऱ्यांनी स्पेनच्या मंडळींना त्याच्या खालच्या जागी बसवलं. तैमूरच्या ते लक्षात आलं आणि त्यानं सगळ्यांदेखत अदलाबदल करायला लावली : मित्राची माणसं वर, आणि थकलेली खंडणी मागायला आलेला खाली. मुसलमानी दरबार, एका बाजूला कन्फ्यूशियसच्या शिस्तीत वाढलेला वकील, दुसऱ्या बाजूला कॅथलिक सरदार. तीन जगं एका बैठकीत आली आणि बोलणं काय झालं, तर कोण कुठे बसणार. फु आन नावाच्या एका चिनी वकिलाला तर तैमूरनं अडकवूनच ठेवलं होतं. १३९५ मध्ये निघालेला तो माणूस घरी परतला १४०७ मध्ये, तैमूर मेल्यानंतर. आणि तैमूर मेला तो चीनवर स्वारीला जाताना, वाटेत, फेब्रुवारी १४०५ मध्ये.

चौथा दिवस : वेधशाळा

आजचा दिवस हिचा. मी पिशवी धरली.

तैमूरचा नातू उलुघ बेग. आज्यानं डोकी मोजली, नातवानं तारे मोजले. १४२० च्या दशकात त्यानं या टेकडीवर तीन मजली वेधशाळा बांधली. आत चाळीस मीटर त्रिज्येचा दगडी कंस होता. वर्तुळ जितकं मोठं तितका अंशाचा लहान भाग मोजता येतो, हे तत्त्व. आता उरलाय तो खडकात खोदलेला खालचा भाग, सुमारे अकरा मीटर खोल. पुढं जागाच विसरली गेली होती. व्यात्किन नावाच्या रशियन संशोधकाला ती १९०८ मध्ये सापडली. जाळीतून खाली पाहिलं की संगमरवराच्या दोन समांतर कडा अंधारातून वर येताना दिसतात.

ही तिथं अर्धा तास उभी होती. वहीत आकडे मांडत होती. उलुघ बेगचं नाक्षत्र वर्ष, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेलं : ३६५ दिवस, ६ तास, १० मिनिटं, ८ सेकंद. आजचं : ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटं, १० सेकंद. "अठ्ठावन्न सेकंदांची चूक. दुर्बीण नसताना. माझी पोरं कॅल्क्युलेटर घेऊन याहून मोठ्या चुका करायची."

त्याच्याकडे अल-काशी हा गणिती होता. त्यानं १४२४ मध्ये 'पाय'ची किंमत सोळा दशांश स्थळांपर्यंत काढली. कशासाठी? विश्वाचा परीघ मोजताना घोड्याच्या केसाएवढीही चूक राहू नये म्हणून. ही यावर एवढी खूश झाली की तिनं गाइडला ते दोनदा सांगायला लावलं.

मला मात्र उलुघ बेगच्या ग्रह-ताऱ्यांच्या कोष्टकांचा पहिला भाग भावला. तो कालगणनांचा आहे, आणि त्यात अरबी, फारसी गणनांबरोबर चिनी-उइघुर पंचांगही आहे, बारा प्राण्यांच्या चक्रासकट. हे अंग आलं इराणातल्या मराग्याच्या वेधशाळेकडून. तिथं मंगोल राजा हुलागूच्या छत्राखाली नसीरुद्दीन तूसी या ज्योतिषानं तेराव्या शतकात एका चिनी पंडिताकडून ते पंचांग समजून घेतलं होतं. मालकांना, म्हणजे मंगोलांना, चिनी तिथी लागायच्या, म्हणून. मालकाला गरज असली की ज्ञान सीमा ओलांडतं. नसली की शेजारी बसूनही ओलांडत नाही, ते पुढं बुखाऱ्यात कळलं.

१४४९ मध्ये उलुघ बेगला त्याच्या मुलानंच मारवलं. सहायक अली कुश्जी पुढं इस्तंबूलला गेला. कोष्टकं मात्र उरली. १०१८ ताऱ्यांची यादी १६६५ मध्ये ऑक्सफर्डला छापली गेली. हेवेलियस या युरोपीय ज्योतिषाच्या ग्रंथातल्या एका चित्रात टॉलेमी, टायको ब्राहे वगैरेंच्या पंगतीला उलुघ बेग बसलेला आहे. या वेळी जागा बदलावी लागली नाही.

आपल्याकडचा धागा म्हणजे सवाई जयसिंग, पुरंदरच्या तहातल्या मिर्झा राजांच्याच घराण्यातला. त्याची कोष्टकं उलुघ बेगच्या धर्तीवर, आणि जंतर-मंतरची दगडी यंत्रं याच कुळातली. युरोपची कोष्टकं मिळावीत म्हणून त्यानं गोव्याच्या पोर्तुगीजांमार्फत एका पाद्रीबरोबर लिस्बनला माणसं पाठवली. जी कोष्टकं आली ती पडताळली तर चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक निघाली, असं त्यानं लिहून ठेवलं. उज्जैनच्या त्याच्या वेधशाळेची डागडुजी पुढं ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी करवली. आम्ही तिथं गेलो होतो तेव्हा हिनं सावलीवरून घड्याळ लावलं होतं.

पाचवा दिवस : रेगिस्तान वगैरे

रेगिस्तान चौकातले तीन मदरसे, बीबी खानिमची मशीद, गुर-ए-अमीर ही तैमूरची कबर. फोटो पुष्कळ निघतात, लिहिण्यासारखं कमी. बीबी खानिमच्या बांधकामाला तैमूरनं दिल्लीहून आणलेले हत्ती राबवले. मशीद मुळातच घाईत उभी राहिली आणि लवकरच ढासळू लागली.

निळा रंग मात्र दिवसभर पाठ सोडत नव्हता. इराणातला कोबाल्ट चौदाव्या शतकात चीनला जाऊ लागला. चिनी त्याला 'मुसलमानी निळा' म्हणत. चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्ट्यांत त्यानं पांढऱ्या मातीवर नक्षी उतरली आणि तीच भांडी परत पश्चिमेकडे आली. उलुघ बेगनं तर एक चिनीखाना बांधला होता, त्यासाठीचा माल चीनहून मागवलेला. बाबरानं तो पाहिला होता. आपण नुसतं 'चिनी माती' म्हणून मोकळे होतो. रंग इराणी, माती चिनी.

संध्याकाळी गाइडनं आणखी एक सांगितलं. चंगेजनं समरकंद घेतल्यावर तीस हजार कारागीर निवडून आपल्या मुला-नातेवाइकांत वाटले, असं जुवैनी हा इराणी इतिहासकार लिहितो. इथल्या विणकरांची एक वस्ती पार उत्तर चीनमध्ये नेऊन बसवली, जरीचं कापड विणायला. असलं जरीकाम पुढं व्यापारातून इटलीला पोचलं. पोपच्या खजिन्याच्या १२९५ च्या यादीत ते 'तातारी कापड' म्हणून नोंदलंय. विणणाऱ्याचं नाव अर्थातच कुठं नाही. पर्यटनाच्या फलकांवर याला 'रेशीममार्गाची मैत्री' म्हणतात. मला ते पटेना. ही म्हणाली, "तुम्हाला सुट्टीतही भांडायला कुणीतरी लागतं."

सहावा दिवस : बुखारा

दीड तासाची गाडी. या वेळी तिकिटं हिनं काढली.

बुखारा बुटकं, मातकट, राहण्यासारखं. ११२७ चा कल्याण मिनार चंगेजच्या तडाख्यातूनही उभा राहिला. मिनाराखाली बसलो आणि मनातल्या मनात तीन माणसांची हजेरी घेतली.

पहिले पोलो बंधू, निकोलो आणि माफ्फेओ. मार्कोचे वडील आणि चुलते. मंगोल भाऊबंदकीच्या लढाईनं परतीची वाट बंद झाली आणि हे व्हेनिसचे व्यापारी १२६० च्या दशकात तीन वर्षं बुखाऱ्यात अडकले. चीनकडे निघालेल्या एका वकिलानं त्यांना बरोबर नेलं. चीनचा मंगोल बादशहा कुबलाईखान यानं त्यांच्या हाती पोपला निरोप धाडला : सात विद्यांत पारंगत असे शंभर पंडित पाठवा. शंभर! पोपनं दिले दोन साधू, आणि ते लढाईच्या भीतीनं अर्ध्या वाटेतूनच माघारी फिरले.

दुसरा जमालुद्दीन, इथलाच, बुखारी. त्यानं १२६७ मध्ये कुबलाईला सात ज्योतिषयंत्रं दिली. त्यांत पृथ्वीचा लाकडी गोल होता : सात भाग पाणी हिरव्या रंगात, तीन भाग जमीन पांढऱ्या रंगात. युरोपातला आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना गोल १४९२ चा. कुबलाईनं जमालुद्दीनसाठी स्वतंत्र मुसलमानी वेधशाळाच काढली. चिनी ज्योतिषी त्यांच्या जागी, हे यांच्या जागी, दोन्ही कचेऱ्या आपापली गणितं करत बसल्या. चिनी पंडितांचं पंचांग बादशहाच्या नावानं निघायचं, त्यांची रीत बसलेली होती, त्यांना अरबी भूमितीची निकड वाटली नाही. गोल कचेरीत राहिला. आपल्याकडच्या सरकारी इमारतीत दोन खात्यांमध्ये एक जिना असतो आणि फाइल तो चढत नाही, तसंच.

तिसऱ्यासाठी मी इथं पुन्हा येईन. सय्यद अजल शम्सुद्दीन. मूळ बुखाऱ्याचं घराणं, कुबलाईनं १२७४ मध्ये त्याला युन्नानचा सुभेदार केलं. तो प्रांत डोंगराळ, चीनमध्ये नुकताच सामील झालेला. या मुसलमान सुभेदारानं तिथं कालवे काढले, मशिदी बांधल्या आणि कुनमिंगला कन्फ्यूशियसचं मंदिर आणि शाळाही काढली. चिनी पद्धतीची लग्नं, अंत्यविधी, पुस्तकं लोकांना शिकवली. ज्यांना शिकवलं त्यांना ते हवं होतं का, हा प्रश्न चिनी इतिहासकारांना पडला नाही. तरी, बुखाऱ्याच्या सय्यदानं कन्फ्यूशियसचं देऊळ बांधावं हे मिनाराखाली बसून पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. १२७९ मध्ये तो वारला. कालिकतला जहाजं घेऊन आलेला चिनी आरमारप्रमुख झेंग ह त्याचाच वंशज म्हणतात.

रात्री पुलाव, त्यातलं मांस बाजूला काढून. ही चमच्यानं, मी हातानं. चेन चेंग नावाचा चीनच्या मिंग घराण्याचा अधिकारी, राजपरीक्षा पास झालेला, १४१४ च्या सुमारास समरकंद, हेरातकडे आला होता. हेरातचे लोक भात-मांस हातानं खातात, काड्या वापरत नाहीत, ही नोंद त्यानं बादशहाला सादर केली. तोंड वाकडं करूनच लिहिली असणार.

सातवा दिवस : बुखारा, परत

सकाळी छतबाजारातल्या एका चित्रकाराच्या दुकानात गेलो. जुन्या वह्यांची कोरी पानं मिळवून त्यावर तो बारीक चित्रं काढतो. पिवळसर, घोटलेलं एक पान मला आवडलं. सवयीनं उजेडाकडे धरलं. आत पाणछाप, अक्षरं रशियन. झारच्या काळातल्या गिरणीचा कागद. त्या काळी इथले कातिबही रशियाहून आलेला कागद वापरत, असं तो म्हणाला, स्वस्त पडायचा म्हणून.

मी पिशवीतून कोनिगिलचा ताव काढून दाखवला. त्यानं बोटांनी चोळला, जिभेचं टोक कोपऱ्याला लावलं आणि मान हलवली. शाई जरा जास्त पितो, म्हणाला.

झारचं कोरं पान मी विकत घेतलं. किंमत ऐकून ही म्हणाली, "अहो, त्यावर चित्र तरी काढून घ्यायचं होतं."

विमानात ते माझ्या मांडीवर होतं, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेलं.